धोतरावरचा डाग, गाडीवरचा कर

आला बाई, कर्णा पुन्हा आला! सकाळी चिंचवडच्या आमच्या खोलीच्या दारात मी तांदूळ निवडत बसले होते, तेवढ्यात स्टेशनच्या बाजूनं ती ओळखीची खरखर ऐकू आली. आधी नुसती खरखर, मग कुणीतरी घसा खाकरला, मग 'बंधूंनो आणि भगिनींनो!' सूप तसंच टाकून मी रस्त्यावर. यांची पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात दुपारची पाळी, म्हणून हे घरातच होते. मागून ओरडले, "अगं, दूध उतू चाललंय!" जाऊ दे उतू. दूध रोज तापतं. निवडणूक पाच वर्षांनी येते म्हणे, आणि मी तर आत्ताशी दुसरीच बघतेय.

मोटारीच्या टपावर कर्णा, मागं पोरांची ही पळापळ, भिंतीभिंतीवर गेरूची अक्षरं. यंदा सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट, संयुक्त महाराष्ट्र. नळावर तेच, दळणाच्या रांगेत तेच. पण मधूनच कुणीतरी कराचं काढतं. राज्य आता मोठं झालंय, तेव्हा कराच्या याद्या नव्यानं लिहिणार, असं त्या मोटारीतला माणूस सांगत होता. "कशाकशावर कर बसणार, ठाऊक आहे का तुम्हांला?" असं त्यानं कर्ण्यातून विचारलं, आणि माझ्या नाकात एकदम शेणखताचा वास आला. खोटं नाही सांगत. भर चिंचवडात, स्टेशनच्या कोळशाच्या धुरात, मला पाच वर्षांपूर्वीच्या चाकणच्या शेणखताचा वास आला, आणि मी एकटीच हसायला लागले.

तेव्हा मी सतरा वर्षांची. सातवी पास. आमच्या आळीत तेवढं शिकलेली मुलगी मीच, त्यामुळे माझी मान जरा ताठच असायची. आबा, म्हणजे माझे वडील, बैलगाड्या करणारे सुतार. चाकणच्या बाजारतळामागं आमचं घर, घरापुढं बाभळीचे ओंडके, आणि त्या ओंडक्यांच्या पलीकडं लोहारमामांचा भाता. आबांनी आरे ठोकून चाक उभं करायचं आणि मामांनी त्यावर लोखंडी पट्टीची धाव चढवायची. गोवऱ्यांच्या जाळात धाव लालबुंद झाली की चौघांनी सांडशीत धरून पळत आणायची, चाकावर बसवायची, आणि वरून घागरी ओतायच्या. चर्रर्र! वाफेचा लोट, जळक्या लाकडाचा वास, आणि त्या वाफेतून मामांचा आवाज, "आवळलं रं आवळलं!" हे मी शेकडो वेळा बघितलं असेल, पण दर वेळी आनंदानं टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या.

त्या हिवाळ्यात मात्र भाता थंड होता. गाडीवर विक्रीकर लागू झाला होता. नांगर, कुळव, पाभर ही शेतीची औतं, त्यांना माफी. गाडी मात्र म्हणे वाहन. आता आमच्याकडं रीत अशी की जुन्या औताची, जुन्या गाडीची डागडुजी बलुत्यात. वर्षाला धान्य मिळायचं आणि त्यावर घर चालायचं. पण घर उभं राहायचं ते नव्या गाडीवर. आणि नवी गाडी घ्यायला आलेला माणूस कर ऐकला की चाकावर हात फिरवायचा, उसासा टाकायचा आणि म्हणायचा, "यंदा राहू द्या आबा, जुनीलाच एक आरा घाला." त्या वर्षात एकही नवी गाडी अंगणातून बाहेर गेली नाही. वाळवून तयार ठेवलेली बाभळ तशीच उभी. एके दिवशी आबा आईला म्हणाले, "पिंपरीत कारखाना उभा राहतोय, तिथं खोकी ठोकायला सुतार पायजेत. येत्या दसऱ्यापातुर बघतो, न्हाईतर जातो." ज्यांच्या हातचं चाक इंद्रायणीच्या वाळूतसुद्धा कुरकुरत नसे, ते आबा खोकी ठोकणार! आई चुलीकडं तोंड फिरवून बसली. मला तर असा राग आला की काय सांगू. कुणावर आला, ते मात्र कळेना.

आणि अशात निवडणूक आली. पहिली निवडणूक! गावाला जणू कुणी गुदगुल्या केल्या होत्या. ज्यांना कधी कुणी 'बस' म्हटलं नव्हतं, त्यांच्या दारात पांढऱ्या टोपीवाले हात जोडून उभे. बायकांची नावं यादीत घालायला माणूस आला, तर निम्म्याजणी नाव सांगायला लाजल्या. त्यांची नावं 'अमक्याची बायको' म्हणूनच लिहून घेतली. मी वैतागून सांगितलं, "अगं, नाव सांगा की, खायला मागत नाही तो!" आमच्या शेजारच्या काकूंनी तर पदर तोंडात धरून जे आत धूम ठोकली, ते त्या दिवशी बाहेर आल्याच नाहीत.

आमच्याकडं मत मागायला आले खेडच्या कोर्टातले वकीलसाहेब. किडकिडीत, चष्मा, पांढरंशुभ्र धोतर, आवाज मात्र खणखणीत. पहिल्यांदा आले ते शनिवारच्या बाजारात. कांद्याच्या ढिगापुढं उभे राहून बोलत होते, आणि आमचे आबा, जे चारचौघांत कधी तोंड उघडत नाहीत, ते एकदम पुढं झाले.

"साहेब, येक इचारू?"

"विचारा की."

"नांगराला कर न्हाई. मंग नांगर शेतावर न्हेते ती गाडी, तिला का?"

वकीलसाहेब म्हणाले, "आबा, हा प्रश्न मी सभागृहात विचारणार. निवडून आलो तर पहिला हाच." बाजार नुसता उसळला. लोहारमामांनी हातातली कांद्याची जुडीच हवेत उडवली.

झालं! पुढच्या शनिवारी वकीलसाहेबांची मोठी सभा, आणि सभेला त्यांना आळंदीच्या फाट्यापासून मिरवत आणायचं ते आबांच्याच गाडीतून, असं ठरलं. आबांनी दोन दिवस दुसरं काही केलं नाही. चाकांना रंग, शिंगांना बेगड, बैलांवर झुली, गाडीवर केळीच्या खुंटांची कमान. "आपली गाडी काय चीज हाय, साहेबांना कळाया पायजे," एवढंच पुटपुटत होते. त्यात एकच काम माझ्याकडं. आदल्या दिवशी गाडीतून कांद्याच्या वाफ्यांना शेणखत वाहिलं होतं, तेव्हा तळाच्या फळ्या घासून धुवायच्या आणि वर गादी, पांढरी चादर, लोड मांडायचे.

मी घागर घेऊन गेलेही होते. पण तेवढ्यात बाजारतळावर कर्णा बांधायला माणूस आला. चाकणात तोवर कर्णा कुणी ऐकला नव्हता. तो माणूस डब्यात तोंड घालून "हॅलो, हॅलो, एक दोन तीन" म्हणायचा, आणि तो आवाज किल्ल्याच्या खंदकापलीकडच्या तटावर आपटून परत यायचा. माझा पाय ठरेना. घासायला वेळ कुणाला! दोन घागरी फळ्यांवर भसाभस ओतल्या, वरून गादी टाकली, चादर ताणून घेतली, आणि पळाले. चार माणसांनी 'वा' म्हणावं अशी दिसत होती गाडी.

मिरवणूक काय वर्णावी! पुढं हलगी, मागं झांजा, मध्ये फुलांत बुडालेले वकीलसाहेब लोडाला टेकून, आणि कासरा हातात धरून आबा. असे ताठ बसलेले आबा मी आधी कधी बघितले नव्हते. मी वाटेत तीन वेळा गर्दीतून पुढं जाऊन गाडी पाहिली. साहेब तळावर आले, उतरले, मंडपाच्या पायऱ्या चढले, आणि गणपतीच्या तसबिरीला हार घालायला वळले. त्यांची पाठ आमच्याकडं झाली.

अगं आई गं. पांढऱ्याशुभ्र धोतरावर, बरोब्बर बसायच्या जागी, परातीएवढा हिरवा-काळा डाग! नुसतं कोरडं खत असतं तर काही झालं नसतं. माझ्या दोन घागरींनी ते भिजलं होतं, आणि सगळ्या वाटेनं गादीतून वर चढत राहिलं होतं. आधी एक पोर खिदळलं. मग बायका. मग अख्खा तळ. आणि साहेबांना वाटलं, लोक खूश झाले. ते आणखी वाकून नमस्कार करायला लागले! मी आबांकडं पाहिलं. त्यांच्या हातातला कासरा तसाच होता, पण मान खाली गेली होती. तो क्षण आठवला की आजही माझे कान तापतात.

त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलेनासे झाले. रागावले असते, एक ठेवून दिली असती तरी चाललं असतं. तसं काही नाही. समोर मी असायची आणि ते आईला सांगायचे, "तिला म्हनावं, जेवान वाढ." घरात तीन माणसं, आणि माझं नाव कुणाच्या तोंडी नाही.

साहेब निवडून आले, डागासकट. लोहारमामा म्हणायचे, "मतं त्या डागालाच पडली रं! मानूस आपल्यातला वाटला." मला ते ऐकून थोडं बरं वाटायचं, पण आबा हसायचे नाहीत.

मग मुंबईत अधिवेशन सुरू झालं, आणि आमचं सगळं लक्ष शिंप्याच्या दुकानाकडं लागलं. वर्तमानपत्र यायचं ते तिथं, तेही एक दिवस शिळं. वाचून दाखवायला मी. आबा माझ्याशी बोलत नव्हते, पण मी वाचायला लागले की दाराच्या चौकटीला टेकून ऐकत उभे राहायचे. एके दिवशी छापून आलं, की आपल्या साहेबांनी गाडीचा प्रश्न काढला. दिलेलं वचन पाळलं! मी पुढं वाचत गेले आणि माझा आवाज हळूहळू बारीक होत गेला. सरकारी बाकांवरचे एक सभासद उठून म्हणाले होते, की माननीय सभासद स्वतः प्रचारात याच गाडीतून मिरवले. खाली गादी, पाठीला लोड, वर केळीची कमान. तेव्हा हे शेतीचं औत आहे की राजाचा रथ, हे त्यांनीच सांगावं. कंसात छापलं होतं: हशा. आपले साहेब खाली बसले होते.

शिंप्याचं मशीन थांबलं. मग आबाच म्हणाले, "आपुनच रथ केला तिचा."

खरंच की! एवढी नटवली होती आम्ही, की ती रोज खत, कांदा, कडबा वाहते यावर परक्या माणसानं विश्वास ठेवावा कसा? पाहुण्याचा मान राखायला आपण घरातलं उत्तम ते पुढं करतो, आणि तेच आमच्या अंगाशी आलं. साहेबांना खताच्याच गाडीत, खताच्याच फळ्यांवर बसवलं असतं तर? पण तसं कोण बसवेल पाहुण्याला! निदान आमच्या गावात तरी कुणी नाही.

घरी आल्यावर आबांनी पत्र लिहायचं ठरवलं. म्हणजे लिहिणार मी. आबा आईला सांगणार, आई माझ्याकडं बघणार, आणि मी लिहिणार.

"तिला म्हनावं, लिही. साहेबांना साष्टांग नमस्कार."

आई म्हणाली, "लिही गं, साष्टांग नमस्कार."

"मला ऐकू येतंय," मी म्हणाले.

"तिला म्हनावं, ऐकू येतंय तर गप लिही."

पत्र झालं चार ओळींचं. गाडी शेतीचीच आहे, आम्ही गरीब आहोत, कृपा असावी. आबा अंगठा उमटवून उठले आणि बाहेर गेले. मी ते पत्र पुन्हा वाचलं. इतकं मऊ, इतकं मिळमिळीत पत्र! असली पत्रं साहेबांच्या टेबलावर ढिगानं पडत असतील. टाक बुडवला आणि खाली माझं माझं लिहून टाकलं: "ता. क. साहेब, त्या दिवशी तुमच्या धोतराला लागलं ते शेणखत होतं. आदल्या दिवशी गाडीतून खत वाहिलं होतं. फळ्या घासायचं काम माझं होतं, मी घासल्या नाहीत, कर्णा ऐकायला पळाले. वडिलांचा दोष नाही. रथातून खत वाहतात का, हे त्या सभासदांना विचारावं." लिफाफा चिकटवला आणि पळत जाऊन पेटीत टाकला. आता साहेब चिडले तर? कर राहील तो राहीलच, वर आबांना कळलं तर जन्मभर बोलायचे नाहीत.

त्यानंतरचे दिवस म्हणजे परीक्षेच्या निकालाआधीचे दिवस. पोस्टमन दिसला की लपावं का धावावं कळायचं नाही. उन्हं तापली होती, खंदकातलं पाणी आटलं होतं, कांदा काढून शेतात पसरला होता आणि गावभर त्याचाच उग्र वास. आबा रोज एकदा बाभळीच्या ओंडक्यावर हात ठेवून उभे राहायचे. मी खिडकीतून बघायची.

आणि मग तो अंक आला! शिंप्यानंच हाक मारली, "पोरी, धाव, कराचं हाय काहीतरी!" दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी वाचायला लागले. विक्रीकराच्या विधेयकावर कलमवार चर्चा, करमाफ वस्तूंची यादी, आणि आपले साहेब पुन्हा उभे राहिलेले. "मी गादीवर बसलो, हे खरं. लोड होता, हेही खरं. पण गादीखाली काय होतं, हे मला त्या दिवशी घरी जाऊन धोतर सोडल्यावर कळलं. (हशा.) ते धोतर खेडच्या परटानं तीनदा धुतलं, डाग गेला नाही. आदल्या दिवशी त्या गाडीनं शेणखत वाहिलं होतं, असं मला गाडी करणाऱ्या सुताराच्या मुलीनं पत्रानं कळवलं आहे. फळ्या धुवायचं काम तिचं होतं, तिनं धुतल्या नाहीत, हेही प्रामाणिकपणे लिहिलं आहे. (प्रचंड हशा.) ती विचारते, रथातून खत वाहतात का? सन्माननीय सभासदांनी एकदा माझ्या मतदारसंघात यावं, त्याच गाडीत, त्याच जागी बसावं, आणि मग मत द्यावं." खाली लिहिलं होतं, की ते सन्माननीय सभासदही हसले, आणि बैलगाडीचं नाव नांगराशेजारी करमाफ वस्तूंच्या यादीत गेलं.

लोहारमामांनी शिंप्याच्या टेबलावर अशी मूठ आपटली की कात्री खाली पडली. "सुटली! गाडी सुटली!" कुणी मला उचलायला बघतंय, कुणी गूळ आणायला पळतंय, बाहेरून बायका विचारतायत काय झालं. मी मात्र चौकटीकडं बघत होते. आबा तिथंच उभे होते. पत्राच्या तळाशी काय होतं, ते त्यांना आत्ता, सगळ्या गावाबरोबर कळलं होतं. ते गर्दीतून पुढं आले, माझ्यासमोर थांबले. घसा खाकरला.

"बाळे," ते म्हणाले, "पानी आन जरा."

आईला नाही, मला म्हणाले. शिंप्याच्या माठाकडं जाता जाता मी रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदमच.

बाजारातलं भाषण मुंबईपर्यंत कसं पोचतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. लोक म्हणतात, मतांपुरती वचनं असतात, मतं पडली की संपलं. असेलही. आमच्या साहेबांचं वचन पोचलं, पण एकटं गेलं तेव्हा खाली बसलं. धोतराचा डाग बरोबर गेला, तेव्हा उभं राहिलं. तेव्हापासून सभेला आलेल्या कुठल्याही पुढाऱ्याचं मी भाषण ऐकते, पण आधी बघते, आमच्या गावचं काय लागलंय याच्या अंगाला. यंदाची ती मोटार चिंचवडातून गेली, आतला माणूस काचेआडून हात हलवत होता. कडक इस्त्री. कुठं धुळीचा ठिपका नाही. मला काही तो आवडला नाही.

त्या वर्षीचा दसरा! भाता पेटला होता, अंगणात नव्या चाकांची रांग होती, पिंपरीच्या खोक्यांचं नाव कुणी काढत नव्हतं. दरवर्षी औतं धुऊन, पुसून ओळीनं मांडतात, हळदकुंकू, झेंडूची माळ. गाडी मात्र बाहेर उभी असायची. त्या वर्षी आबांनी ती आत ओढली आणि नांगराशेजारी लावली. मी ताट घेऊन आले, तर फळ्यांच्या फटीत खत तसंच.

"आबा, धुते की पटकन."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तसंच कुकू लाव."

पुढं माझं लग्न झालं, मी चिंचवडला आले, आणि गंमत बघा, ज्या कारखान्याच्या खोक्यांच्या धाकानं आम्ही सगळे झुरलो, त्याच कारखान्याच्या पगारावर आता माझं घर चालतं. आबा अजून गाड्याच करतात. यंदा मला बाविसावं सरलं, यादीत माझं नाव आहे, माझं स्वतःचं, ठळक. मी दोनदा जाऊन बघून आले. यांनी चिडवलं, "तिसऱ्यांदा जाऊ नको, पुसून जाईल!"

आणि आज दुपारी, यांचा डबा भरून देतेय, तोच दारात घुंगरं वाजली. बघते तर आबा! चाकणहून इंद्रायणी ओलांडून, पहाटे निघून, गाडी घेऊन आलेले. बैल सोडायच्या आधीच बोलायला लागले. वकीलसाहेब पुन्हा उभे आहेत, परवा सभा आहे, याद्या पुन्हा लिहिणार आहेत, गाडी राहते का जाते काही भरवसा नाही, आणि साहेबांना फाट्यापासून आणायचंय. एवढं बोलणारे आबा! मी पाणी दिलं, भाकरी वाढली, आणि मीच लाजत लाजत म्हणाले, "मग मी येऊ का गाडी धुवायला? या वेळी अगदी घासून धुते."

आबांनी तांब्या खाली ठेवला.

"गाडी धुवायला चाकणात कुनीबी मिळंल," ते म्हणाले. "न धुवायला तूच पायजेस. चल, बस गाडीत."